ओट्याची परवानगी

“कागद हाय काय?” मीटर पाहायला आलेला माणूस असो नाहीतर नळाची तक्रार बघायला आलेला, बाई दारात आडवा हात धरून आधी एवढंच विचारायच्या. कागद असला की लगेच बाजूला व्हायच्या. वाचायच्या नाहीत, शिक्का तेवढा बघायच्या.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांना हसतो. मीही हसायचो.

मनीषनगरात माझं घरांचे नकाशे काढायचं ऑफिस आहे. शेजारच्या घरात बाई भाड्यानं राहायच्या, एकट्या. तिथल्या स्वयंपाकघरात कॉलेजच्या पोरांचे डबे करायच्या. शनिवारी माझ्यासाठी पाटोडी राखून ठेवायच्या आणि किती वाळलात म्हणून वर दटावायच्या.

एकदा त्यांचा स्वयंपाकाचा ओटा खचला. त्यांनी घरमालकाला सांगितलं, तर तो सरळ माझ्याकडे आला. त्याला भाडेकरू बदलायचा होता आणि बाई काही हलत नव्हत्या. दुरुस्तीला महापालिकेची परवानगी लागते, ती येईपर्यंत घर रिकामं करावं लागेल, असं माझ्या लेटरहेडवर लिहून दे म्हणाला. त्याच्या नव्या इमारतीचं काम माझ्याकडे येणार होतं.

ओटा नवा घालायला, टाईल्स बदलायला कसली डोंबलाची परवानगी! भिंत पाडायची असती तर गोष्ट वेगळी. हे मी झोपेतही सांगितलं असतं. तरी मी लिहिलं, शिक्का मारला आणि स्वतः नेऊन दिलं.

बाईंनी शिक्क्यावर बोट फिरवलं. “मालकाच्या बोलण्यावर माह्या भरोसा नव्हता. तुमचा कागद हाय, मंग खरंच असन.”

आठवड्याभरात त्या पारशिवनीला भावाकडे गेल्या. डबे बंद झाले. इकडे चार दिवसांत ओटा झाला आणि नवं कुटुंब राहायला आलं.

दर महिन्याला बाईंचा फोन यायचा. भावजय टोचून बोलते, चुलीला हात लावू देत नाही, असं सांगायच्या. मग परवानगीचं विचारायच्या. मी म्हणायचो, अजून नाही. लाज वाटायची, खूप वाटायची. पण खरं बोलायची हिंमत झाली नाही ती नाहीच.

शेवटच्या वेळी मी नुसताच गप्प राहिलो. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी कष्टी झालोय.

“तुमी काहून मनाले लावून घेता भाऊ? सरकारी काम हाय. तुमी तं धावपळ करूनच राहिले असान.”

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीही लावला नाही.