लग्नाचे दोन तुकडे

माझ्यावर एकाचाही विश्वास बसला असता, तर भर मांडवात माझा असा तमाशा झाला नसता! पेनड्राइव्हमध्ये गाणी आहेत, आहेत, आहेत, असं मी घसा फाटेस्तोवर सांगून राहिले होते. कोणी मानेल तर ना!

गाणी कोणती? माझ्या गेलेल्या आईनं म्हटलेली हळदीची. मोठीच्या लग्नात मोबाइलवर भरून घेतली होती. आता लग्न धाकटीचं, अन् तिचा हट्ट, "आजीच्या आवाजाशिवाय मी हळद लावून घेत नाई!" पोरगी पाटावर, बाया हळदीच्या वाट्या घेऊन उभ्या, अन् गोंडपिपरीवरून आणलेला किसनभाऊचा साउंडबॉक्स मुका!

"शकुंतलाबाई, पेनड्राइव्ह रिकामा हाये," किसनभाऊ म्हणे.

"रिकामं तुहं डोस्कं! डबाच भंगार हाये तुहा!"

"मंग माइक कसा चालू हाये?"

मी माइकच हिसकला. "ऐका हो! ज्यानं माह्या आईचा आवाज बंद केला, त्याचं पुरं नाव या माइकवर घेईन!"

संशय चंद्रपूरच्या मोबाइल दुकानवाल्यावर. परवाच त्याच्याकडून त्याच पेनड्राइव्हमध्ये मोठीच्या लग्नाची फिल्म भरून आणली होती, पाहुण्यांना घरच्या नव्या टीव्हीवर दाखवायला. लावला फोन, अन् धरला माइकपाशी. ऐकू दे सगळ्यांना!

"काऊन रे, गाणी कुठी गेली?"

"कुठीच नाई गेली, बाई. तुमची फिल्म लय मोठी. पेनड्राइव्हच्या जुन्या फॉरमॅटात एवढी मोठी फाइल बसत नाई. मी म्हटलं ना, फिल्मचे दोन तुकडे करून देतो?"

"मंग?"

"मंग तुम्ही टेबलावर हात आपटला! 'माह्या पोरीच्या लग्नाचे दोन तुकडे करतं काय? नव्या फॉरमॅटात कर!' केलं. गाणी बी परत भरली. सांगतलं बी, जुन्या डब्याले हे वाचता येत नाई, त्याले रिकामंच दिसते. तुम्ही म्हणे, आमच्या घरी जुनं काहीच नाई!"

हे सगळं माइकवरून! नाल्यापलीकडच्या लोकांनीसुद्धा ऐकलं असेल.

धाकटीनं पाट उचलला अन् घरात टीव्हीसमोर जाऊन बसली. पेनड्राइव्ह टीव्हीत खुपसला, तर आई लागली की गायला! बाया वाट्या घेऊन नाचत आत. मीही गुपचूप निघाले, तर किसनभाऊ माइक घेऊन आडवा.

"पुरं नाव घेतो म्हणे ना, बाई?"

आता काय करता? घेतला माइक.

"शकुंतला देवराव मडावी!"