डोंगरापलीकडची नदी

२००६ साल. माझं वय बहात्तर. आम्ही दोघं अमेरिकेत, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात मुलाकडे राहायला आलो आणि ही इथेच गेली. अस्थी तांब्यात भरून, फडकं बांधून मी अंगणातल्या झाडाला टांगल्या. अस्थी घरात घेत नाहीत. चौथी शिकलेला असलो तरी एवढं मला कळतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, विमानाने गावी नेऊ. अलाउड आहे."

"ती काय लोणच्याची बरणी आहे, सामानात कोंबायला? वाहतं पाणी दाखव. नदी समुद्राला मिळते, समुद्र तिच्या माहेरच्या खाडीला. जाईल ती."

"इथलं पाणी बाहेर जातच नाही, बाबा. दोन्हीकडे डोंगर, मधे ही परात. वरून उतरतं ते इथेच मुरतं. नदी पलीकडे."

"मग पलीकडे चल."

निघालो. सपाट रान, खुरटी झुडपं, लांबवर पांढऱ्या वाळूच्या टेकड्या, मीठ ओतल्यासारख्या. मधेच गाड्या थांबलेल्या.

"रोड क्लोज केलाय. मिसाईल टेस्ट."

"लढाई कोणाशी?"

"कोणाशी नाही. सोडून बघतात."

"आणि पडतं कुठे?"

"इथेच."

मी काच खाली करून बघत राहिलो. आभाळात काही दिसलं नाही, आवाजही आला नाही. मांडीवरचा तांब्या मी दोन्ही हातांनी धरला. इथे तर हिला मुळीच ठेवायची नव्हती.

रस्ता सुटला. खिंड ओलांडून पुलावर आलो. खाली या काठापासून त्या काठापर्यंत वाळू. तिच्यावर कुत्र्याची पावलं. मुलाने ही नदी उन्हाळ्यातच पाहिली होती, भरलेली. थंडीत वरच्या धरणात पाणी अडवतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"सॉरी, बाबा."

"चल."

परतताना खिंड मागे पडली. मग म्हणाला, "आई शेवटी सांगत होती, ह्यांना एकट्याला परत पाठवू नकोस."

"मला कोणी बोललं नाही."

"तुम्ही ऐकता कुठे?"

मी तांब्या पुन्हा झाडाला बांधला. जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठ सोडली आणि तांब्या घेऊन उंबरा ओलांडला. मुलगा चहा घेत होता, कप खाली ठेवून उठून उभा राहिला. मी तांब्या तिच्या साडीत गुंडाळला, माझ्या हातातल्या पिशवीत ठेवला आणि म्हटलं, "तिकीट काढ."