धाकटीचं घर धक्क्यावर

माझ्या धाकट्या बहिणीच्या खिडकीखाली भरती येते. पेणला जाऊन आलेलं कुणीही मला हे ऐकवतं. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या माझ्या शेजारणी, नवऱ्याचे कंपनीतले जुने सोबती, लग्नात भेटलेल्या लांबच्या मावश्या. "काय घर हाय गो तुझ्या बहिणीचं! झोपल्या झोपल्या खाडी दिसते." मी "व्हय ना" म्हणते आणि विषय बदलते.

ते घर आहे पेणच्या जुन्या बंदरावर. आमचे वडील तिथे मापाडी होते. मिठागरातलं मीठ त्यांच्या मापातून गेल्याशिवाय मचव्यात चढत नसे. शाळा सुटली की मी तडक धक्क्यावर जायची. चिखल, ओले दोर, मचव्यांना फासलेलं तेल, या सगळ्याचा मिळून एक वास यायचा. तो मला आवडायचा. धाकटीला नाही. तिच्या पायाला चिखल लागला की ती तिथेच उभी राहून रडायची, आणि मग तिला कडेवर घेऊन घरी न्यावं लागायचं.

मी लग्नाची होईपर्यंत बंदर संपलं होतं. खाडी गाळानं भरत आली, मीठ ट्रकमधून जायला लागलं. मचवे यायचे बंद झाले, गोदामांची कौलं खाली आली. त्याच सुमारास मला दोन स्थळं आली. एक धक्क्यावरच्या गोदामवाल्यांचा मुलगा, दुसरा रोह्याच्या कंपनीत नोकरीला. वडिलांनी मला समोर बसवून विचारलं, "तुझं मन कुठं हाय ते सांग. मी जबरदस्ती करणार नाय."

गोदामवाल्यांचा मुलगा मी लहानपणापासून पाहिलेला. माणूस चांगला होता. पण त्यांच्या गोदामात तेव्हा बकऱ्या बांधलेल्या असायच्या. मी म्हटलं, "कंपनीवाला."

पुढं त्याच गोदामवाल्यांकडे धाकटी दिली.

मग कितीतरी वर्षं मी पेणला जायची ती ताठ मानेनं. माझ्या घरात नळाला पाणी, नवऱ्याला शिफ्टची नोकरी, दिवाळीला बोनस. तिच्या घरात भिंतीला ओल आणि दारापुढं चिखल. ती पोह्याचे पापड लाटून विकायची. मी तिच्यासाठी साड्या न्यायची. ती त्या घ्यायची, नेसायची, आणि कधी तोंडातून कुरकुर काढायची नाही. थकल्यावर वडीलही तिच्याकडेच राहिले. मी बोलावलं होतं, पण ते म्हणाले, "मला खाडी दिसायला पायजे." तिथेच गेले ते.

बंदर दुरुस्त करणार असं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले होते. गाळात पैसा घालणारे कोण येणार? पण आले. गोदामवाल्यांनी एकत्र येऊन हट्ट धरला, वरून मंजुरी आली आणि काम सुरू झालं. गोदामं पाडायची नाहीत, असं ठरलं. भिंतींना पुन्हा चुन्याचा गिलावा झाला. धक्क्याचे निखळलेले दगड शोधून शोधून जागी बसवले. खाडीतला गाळ काढला. खाली दुकानं, खानावळ, बालवाडी, दवाखाना, वर राहती घरं. मागच्या मोकळ्या जागेत नव्या इमारती. ज्यांची गोदामं होती त्यांना खाली दुकानाचा एक गाळा आणि वर एक घर मिळालं. म्हणजे धाकटीला.

वास्तुशांतीला मला जाता आलं नाही. खरं म्हणजे गेले नाही. गेले ते नंतर, एका रविवारी. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, "बंदरावर." तो म्हणाला, "खाण्याच्या बाजूला की राहण्याच्या?"

बंदराला बाजू! मी रिक्षात बसले.

धक्क्यावर पोरं सायकली फिरवत होती. म्हातारे बाकांवर पत्ते कुटत होते. ज्या भिंतीला टेकून वडील विडी ओढायचे तिथे कुणीतरी चाफा लावला होता. सगळं नीट होतं. निदान एखादी गोष्ट तरी वाईट निघावी म्हणून मी डोळे फाडून बघत होते. रोह्यालाही कुंडलिकेच्या काठावर फिरायला छान जागा झाली आहे, मी रोज जाते. पण ती माझ्या नवऱ्याची नदी. माझं पाणी हे, आणि ते धाकटीच्या खिडकीखाली.

तिच्या गाळ्यात पापड होते, मीठ होतं, आणि मुंबईहून आलेली सात-आठ पाहुणे मंडळी होती. मी दारात पोचले तेव्हा ती त्यांना गोष्ट सांगत होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

"मी लहान होते," ती सांगत होती. "वडिलांनी मला मिठाच्या मचव्यात बसवलं. खाडीच्या तोंडाशी जायच्या आतच ओहोटी लागली आणि मचवा चिखलात रुतला. दुपारभर आम्ही तिथंच. मचवा हाकणाऱ्या तांडेलानं चुलीवर भात रांधला, सुकट भाजली आणि पहिला घास मला दिला. म्हणाला, आज तू मालकीण."

पाहुणे हसले. एका बाईंनी फोन वर करून तिचा फोटो काढला.

त्या मचव्यात मी होते. घर दिलं, खाडी दिली, आता हेही?

"तू तेव्हा पाळण्यात होतीस गो," मी दारातूनच म्हटलं. "मचव्यात मी होते."

ती वळली. पाहुणे एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं ती सारवासारव करील. तिनं हात पदराला पुसले आणि त्यांना सांगितलं, "ही माझी ताई. ती म्हणते ते खरं हाय." मग आपल्या मुलाला गाळ्यावर बसवून मला वर घेऊन गेली.

वर तिनं चहा ठेवला. खिडकी उघडी होती. मी तिकडे पाठ करून बसले.

"चोरलं नाय मी," ती म्हणाली.

"मग काय केलंस?"

"शेवटी शेवटी बाबांना मी ओळखू यायची नाय. मला तू समजायचे. रोज दुपारी हात धरून सांगायचे, आठवतं का, मचवा रुतला होता, तू घाबरली नाय, भात खाल्लास. पहिल्यांदा मी सांगायचे, बाबा, ती ताई, मी नाय. मग ते कावरेबावरे व्हायचे. विचारायचे, थोरली कुठं गेली? मग मी सोडलं. व्हय म्हणायला लागले. व्हय बाबा, आठवतं."

तिनं चहा गाळला. माझा कप माझ्यासमोर ठेवला, साखर कमी, मला लागते तशी.

"त्यांचं सगळं करत होते मी," ती म्हणाली, "आणि ते तुझ्याशी बोलत होते. किती राग यायचा तुझा, काय सांगू!"

तिला माझा हेवा वाटत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते ऐकून मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. मला एवढंच टोचत राहिलं की ती गोष्ट वडील रोज सांगत होते आणि ऐकायला मी नव्हते. तांडेल "आज तू मालकीण" म्हणाला होता, हे तर मी साफ विसरले होते. ते तिच्याकडे राहिलं होतं.

"अजून काय सांगायचे?" मी विचारलं.

"बस, सांगते," ती म्हणाली. संध्याकाळच्या गाडीपर्यंत ती सांगत होती. निम्मं मला आठवत होतं, निम्मं नव्हतं. मधेच कधीतरी मी खिडकीकडे तोंड करून बसले.

त्यानंतर तिनं पाहुण्यांना ती गोष्ट सांगणं बंद केलं. पुढच्या खेपेला एका कुटुंबानं काहीतरी जुनं सांगा म्हणून धरलं, तेव्हा तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी सांगितली. अडखळत, मागचं पुढं करत. लोक मान हलवत राहिले, पोरं उठून बाहेर गेली. धाकटी सांगते तशी मला जमत नाही.

"तूच सांगत जा," मी तिला म्हटलं. "फक्त मचव्यात ताई होती म्हण."

आता ती तसंच सांगते. गणपतीत मी तिच्याकडे दोन रात्री राहिले. तिनं मला खिडकीजवळ गादी घातली आणि स्वतः आतल्या खोलीत झोपली. सकाळी जाग आली तेव्हा पाणी धक्क्याच्या दगडांना लागलं होतं. मी बराच वेळ बघत पडून राहिले. हेवा काही गेला नव्हता, तोही माझ्याबरोबरच जागा झाला होता. स्वयंपाकघरातून तिनं विचारलं, "उठलीस का गो ताई?" मी म्हटलं, "नाय अजून," आणि कूस बदलून पुन्हा पाण्याकडे बघायला लागले.