यंत्राची रिकामी फेरी
धुळ्याच्या बाजारात तापलेल्या लाखेचा वास आला, की मला जळगावातली ती दुपार आठवते. लाखेत प्लास्टिक मिसळलंय म्हणत व्यापाऱ्याने बांगड्या परत पाठवल्या, तेव्हा त्या बनवणारे चाचा थेट मी काम करायचे त्या प्रयोगशाळेत आले. “अब्बांनी कमावलेलं नाव जाईल, बेटी,” म्हणत ते खुर्चीवरून सारखे उठत, पुन्हा बसत. यंत्रात लाखेच्या कणाची क्षणात वाफ झाली आणि तिच्यातल्या घटकांचे सुळके पडद्यावरच्या आलेखात एकेक करून उमटू लागले. शेवटी प्लास्टिकचा सुळका उठला. माझा चेहरा बघून चाचा म्हणाले, “निघालं ना?” “थांबा चाचा, यंत्र एकदा रिकामं चालवते.” आत काहीच न घालताही तोच सुळका तेवढाच उठला. चाचांच्या आधी तपासलेल्या दुसऱ्याच कुणाच्या नमुन्यातलं प्लास्टिक यंत्राला चिकटलं होतं; चाचांच्या लाखेत ते नव्हतंच. चाचा अखेर खुर्चीत टेकून बसले. आता कुणाचा संशय आला, की मी आधी स्वतःला रिकामं चालवून बघते.