दवंडीवाल्याचा आवाज

निजामाच्या राज्यात शुक्रवारी सुट्टी असायची. त्या दिवशी कुठं जत्रा, कुठं कुस्त्या, हे बीडला गुरुवारी दवंडीवाल्याकडून कळायचं. तहसील कचेरीत मी नवा कारकून होतो. तो यायचा, पाचोळ्याच्या जाळावर हलगी शेकून तिचं कातडं ताणून घ्यायचा, मी कागदावरून वाचलेलं एकदाच ऐकायचा आणि निघायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण शब्द कधी सांडला नाही.

एकदा घाईत मी लिंबागणेशच्या कुस्त्या गेवराईच्या म्हणून वाचल्या. चूक ध्यानात आली तेव्हा तो सगळ्या पेठा फिरून परतला होता. कुस्तीची शौकीन मंडळी पहाटे उलट्या वाटेला लागणार होती. मी सांगितलं तसा तो उठला आणि पुन्हा त्याच गल्ल्यांतून निघाला. प्रत्येक चौकात हलगी वाजवून म्हणाला, "सकाळी मी चुकलो. कुस्त्या लिंबागणेशला हायेत, गेवराईला न्हाईत." लोक हसले. हसणं थांबेपर्यंत तो उभा राहिला आणि मग तेच त्यानं पुन्हा सांगितलं.

मी मागून चाललो होतो. मला राहवेना. "चूक माझी होती. माझं नाव का नाही घेतलंस?"

हलगी खांद्याला अडकवत तो म्हणाला, "मुन्शीजी, कागद तुमचा हाय. पण लोक घरातून निघत्यात ते माझ्या आवाजावर."