बुडून मेलेलं बेअरिंग

मे महिन्यात माझ्या सायकलचं मागचं चाक गुरगुरायला लागलं आणि मी एका सेकंदात गुन्हेगार ठरवून टाकला. रस्ता. दुसरं कोण असणार? सायकल म्हणजे वाकड्या हँडलची, बारीक टायरची रोड बाईक. आमच्या वस्तीत तिला ‘रेसर’ म्हणतात, आणि ‘गियर किती?’ विचारल्याशिवाय कुणी पुढे सोडत नाही. अंबरनाथच्या घरून उल्हासनगर कॅम्प दोनला कामावर मी तिच्यावरूनच जाते. वाटेत एक तुकडा असा आहे की तिथे रस्ता आहे यावर नुसता विश्वास ठेवावा लागतो. तो नेमका कुठला ते लिहीत नाही. बदलापूरपासून शहाडपर्यंत कुणालाही सांगा, त्याला तो आपल्याच दारातला वाटेल.

आम्हा सायकलवाल्यांचा एक गट आहे. सात जण, त्यातले चार येतात. गटाची पत्रकं मी लिहिते. पाणी, गटार, रेशन असं करत कॉलेजपासून हात बसलाय. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत जाहीर निषेध, आणि जागा उरलीच तर पुरावा. या वेळी ठळक अक्षरात लिहिलं: ‘या खड्ड्यांनी माझ्या चाकाचा जीव घेतला. उद्या तुमच्या मुलांचा घेतील!’ गठ्ठा छापूनही आला. चार खेपा घातल्यावर बांधकाम खात्याच्या अभियंत्याने सोमवारची वेळ दिली होती. ठरलं असं, की मी चाकातलं मेलेलं बेअरिंग त्याच्या टेबलावर ठेवायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. बाकीच्यांनी फोटो काढायचे.

त्यासाठी ते आधी बाहेर निघायला हवं होतं. शनिवारी दुपारी मी चाक पप्पांसमोर नेऊन ठेवलं. पप्पा अख्खी नोकरी कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यापासून घरात काही बिघडलं की त्यांची तब्येत सुधारते.

चाकाच्या मधोमध हब असतो, हबच्या दोन्ही टोकांना एकेक बेअरिंग, आणि त्यांच्यातून एक्सल जातो. साध्या सायकलीत सुटे छर्रे असतात. माझ्या सायकलीत ते एका कड्यात बंद असतात, वर रबरी झाकण. पप्पांनी चाक धरून डावी-उजवीकडे हलवलं. ‘ढिलं झालंय, खेळतंय,’ म्हणाले. एक्सल काढला आणि बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं.

‘घाल बोट. साखरेत फिरवल्यासारखं लागतंय बघ.’

खरंच तसं लागलं. ‘बघा! खड्ड्यांनी काय हाल केले!’ मी जवळजवळ घोषणाच दिली.

पप्पांनी आईच्या साडीची पिन घेऊन रबरी झाकण उचकटलं. ग्रीसच्या जागी गंजाची चटणी होती, आणि तिच्यातून चॉकलेटी पाणी ओघळलं.

‘मॅडम,’ पप्पा म्हणाले. मॅडम म्हणाले म्हणजे माझं काहीतरी चुकलेलं असतं. ‘हे खड्ड्याने नाही मेलं. हे बुडून मेलंय.’

‘म्हणजे?’

‘खड्ड्याने मेलं असतं तर रिम वाकली असती, तारा तुटल्या असत्या. इथे सगळं ठीक आहे. पाणी आत घुसवलंय कुणीतरी, प्रेशरने. कुठे नेली होतीस?’

मला आठवलं आणि मी गप्प बसले. मी गप्प बसते हे घरात कुणी पाहिलेलं नसल्यामुळे त्यांना लगेच कळलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी आमच्या वस्तीतल्या सगळ्या गाड्या वॉशिंग सेंटरवर जातात. दुसऱ्या दिवशी रॅली असते, निळे झेंडे असतात. मळकी गाडी घेऊन आलेल्याला वर्षभर ऐकवतात. रिक्षा, टेम्पो, मोटरसायकली अशी लाइन लागलेली, आणि मध्ये मी सायकल धरून. पाइपवाला सज्जन माणूस. म्हणाला, ‘दीदी, साइकिल को कपड़ा मार लो, हो जाएगा.’

झालं! रिक्षाला पाणी आणि सायकलला फडका? का? सायकलवाले काय खालचे? मी तिथल्या तिथे पाच मिनिटं बोलले. मागच्या रिक्षावाल्या काकांनी टाळी वाजवली, आणि टाळी वाजल्यावर मला थांबता येत नाही. मी बोटाने हब दाखवला. ‘इथे मारा. इथे जास्त घाण आहे.’ तो घाबरून होतं तेवढं प्रेशर मारत राहिला. रॅलीत लोकांनी सायकलसोबत फोटो काढले. हे लागोपाठ दोन वर्षं. समान हक्क मागून बेअरिंग बुडवणारी मी तालुक्यात पहिलीच असेन.

हे सगळं सांगितलं तेव्हा पप्पा हसले नाहीत. आई स्वयंपाकघरातून हसली. ‘मारलंस ना शेवटी भाषण देऊन!’

संध्याकाळी कॅम्प दोनला गेले. तिथल्या बेअरिंगच्या दुकानात वस्तू कशाला हवी ते कुणी विचारत नाही. नंबर सांगायचा. पंखा, पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, नंबरापुढे सगळे सारखे. इतकी समता मी आमच्या गटातही पाहिलेली नाही. पप्पांनी एक जुनं बेअरिंग ठोकून काढून, गंजलेलं कडं रॉकेलने पुसून नंबर लिहून दिला होता. सिंधी शेठने चिठ्ठी पाहिली.

‘मोटर का है?’

‘साइकिल का.’

‘साइकिल में तो छर्रे आते हैं, बेटा.’

मी जुनं दाखवलं. त्याने ते नाकाशी नेऊन चक्क वास घेतला. ‘पाइप से पानी मारा है. अरे बाप रे.’ एका दिवसात दोन परीक्षकांनी नापास केलं.

रविवारी सकाळी नवी बेअरिंगं फ्रीजरमध्ये गेली, कोळंबीच्या शेजारी. थंडीने लोखंड जरा आकसतं. हब गरम फडक्याने शेकला की जरा फुलतो. हे शास्त्र आईला मान्य नव्हतं. ‘माझ्या कोळंबीला ग्रीसचा वास आला तर दोघांना तीच खायला घालीन.’

उरलेलं जुनंही ठोकून काढलं. नवी मात्र ठोकायची नाहीत, दाबायची. हबमधून लांब बोल्ट घालायचा, बेअरिंगवर बाहेरच्या कड्याच्या मापाची पोकळ लोखंडी गोटी, म्हणजे सॉकेट, ठेवायची, वॉशर लावायचा आणि नट आवळत जायचं. दाब बाहेरच्याच कड्यावर. आतल्या कड्यावर पडला तर नवं बेअरिंग फिरायच्या आधीच मरतं. पप्पांनी पाना माझ्याच हातात दिला. मी आवळला, सवयीप्रमाणे घाईत.

‘तिरकं गेलं. काढ.’

‘थोडंसंच आहे, पप्पा.’

‘थोडंसं तिरकं असं काही नसतं. काढ.’

तिसऱ्या वेळी सरळ बसलं. चाक फिरवलं, तर आवाजच नाही. घरात घड्याळ ऐकू यायला लागलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण कोपऱ्यात पत्रकांचा गठ्ठा बसला होता, आणि त्यातली ठळक ओळ आता खोटी होती.

गटातल्या एकाला फोन केला. तो वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘कुणाला काय कळतंय? ठेव टेबलावर. फोटोत गंज मस्त येईल.’ मला ते पटत होतं. पटत नव्हतं असं लिहिलं तर ते अजून एक खोटं होईल.

‘त्या ऑफिसात एखादा तरी ड्रायव्हर नाहीतर फिटर असेल,’ पप्पा हात पुसत म्हणाले. ‘तो वास घेईल. मग तुझा खड्डापण खोटा ठरेल. खड्डा खरा आहे ना?’

‘खरा आहे.’

‘मग त्याला कशाला बुडवतेस?’

काळा मार्कर घेऊन मी बसले. प्रत्येक प्रतीवर तीच ओळ खोडली. अर्ध्यात मार्कर संपला. उरलेल्या प्रतींवर आईने काजळ घासलं, आणि प्रत्येक प्रतीमागे मला एक शिवी दिली.

सोमवारी साहेबांनी पत्रक हातात घेतलं. एरवी आमचं पत्रक न वाचताच पेपरवेटखाली जातं. यांनी खोडलेली ओळ पाहिली आणि कागद ट्यूबलाइटसमोर धरला.

‘काय होतं इथे?’

मी सांगून टाकलं. पाइप, फडका, भाषण, टाळी. शिपाई दारातून आत येऊन ऐकायला लागला.

‘म्हणजे चाक खड्ड्याने नाही गेलं?’

‘नाही साहेब, माझ्या अकलेने गेलं. पण खड्डा आहे.’

‘किती खोल?’

ओठांवर ‘गुडघाभर’ आलं होतं. आमच्या पत्रकात प्रत्येक खड्डा गुडघाभरच असतो. घोट्याएवढा खड्डा मी आजवर लिहिलेला नाही.

‘मोजला नाही,’ मी म्हणाले. शेजारी गटातल्या भावी वकिलाने डोकं धरलं.

‘मग मोजू. तीन वाजता तिथे थांबा.’

साहेब साडेचारला आले, पण आले. पॉलिश केलेले बूट घालून काठावर उभे राहिले आणि टेपचं टोक माझ्याकडे दिलं. मी खड्ड्यात उतरून ते तळाला धरलं. वरून त्यांनी वाचलं, ‘नऊ इंच.’ गुडघा बराच वर राहिला होता. त्यांनी फॉर्मवर आकडा लिहिला, फॉर्म माझ्यापुढे केला आणि तक्रारदाराच्या रकान्यावर बोट ठेवलं.

मी पेन घेतलं. आजवर खाली ‘समस्त त्रस्त नागरिक’ असंच लिहीत आले होते. या वेळी स्वतःचं नाव लिहिलं.