मास्तरांच्या गाडीतल्या कोंबड्या

शिवणकाकूंचा राग सगळ्या गल्लीला ठाऊक होता. कापड आखूड आणून वर "बसवा हो कसंतरी" म्हणणाऱ्याला त्या मशीनवरून न उठता वाटेला लावत. पण कोंबड्यांवरून त्यांचा जो पारा चढला, तो अजून उतरलेला नाही, आणि उतरायचं काही कारणही नाही.

शहराच्या कडेला एकसारख्या बैठ्या घरांची रांग आहे, त्यातलं त्यांचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे परसात खुराडं. ते ठोकलं काकूंच्या नवऱ्यानं, मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बसचे कंडक्टर. उभी हयात दारात लोंबकळणाऱ्यांना आत ढकलण्यात गेली. निवृत्तीनंतर कोंबड्या पाळल्या, पण सवय सुटेना. रोज दिवेलागणीला खुराड्यापाशी उभे राहून ते म्हणत, "चला, पुढे सरका. दारात उभं राहू नका. मावशी, आत जागाच जागा आहे." शेवटची कोंबडी आत गेली की दार लावून फळीवर दोनदा टकटक करत. गाडी सुटली.

मग त्यांना झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. काकूंना हाक मारायचं म्हटलं तरी तोंडातून नुसती हवा यायची. डॉक्टरांनी बोलायचे व्यायाम दिले, ते करता करता मास्तर रडकुंडीला येत. एका संध्याकाळी काकू एकट्याच कोंबड्या आत घालायला धडपडत होत्या. मागून खरखरीत आवाज आला, "पुढे... सरका."

काकू गर्रकन वळल्या. मास्तरच होते. कोंबड्या मात्र मुकाट आत गेल्या. तेव्हापासून खुराड्यापाशी एकेक शब्द परत यायला लागला. घरात मुका माणूस, परसात कंडक्टर.

आणि नेमकं अशात वस्तीच्या सेक्रेटरींना वाटायला लागलं की चांगल्या वस्तीत कोंबड्या शोभत नाहीत. बैठक बोलावली.

"वास येतो. कलकलाट होतो," सेक्रेटरी म्हणाले.

"तुमचा कुत्रा दिवसभर भुंकतो, त्याला काय अंगाई म्हणायची?" काकूंनी विचारलं.

"कुत्र्याचं वेगळं आहे काकू. तो पाळीव असतो."

"मग माझ्या कोंबड्या काय वाटमारी करतात?"

लोक हसले. काकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नियम घाला ना. कोंबडा नको म्हणा, ठेवलेला नाहीच. किती ठेवायच्या ते सांगा, खुराडं रोज झाडा म्हणा, येऊन बघा. सगळं पाळते. पण सरसकट बंदी कशासाठी? हिला विचारा, वास येतो का ते."

'ही' म्हणजे शेजारीण. ओंजळी भरभरून अंडी नेणारी. ती बोटातली अंगठी फिरवत खाली बघत बसली.

तेव्हा काकूंनी जे चारचौघांत कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तेही सांगून टाकलं. "आमचे हे फक्त कोंबड्यांशीच बोलतात. माझ्याशीसुद्धा नाही."

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "आम्हाला वाईट वाटतंच. पण आज तुम्हाला परवानगी दिली, तर उद्या कोणी म्हैस आणून बांधेल."

कुठून आली म्हैस? त्या वस्तीत कुणी म्हैस धड जवळून पाहिलेली नव्हती. पण हात वर गेले, आणि त्यातल्या कितीतरी हातांच्या बाह्या काकूंनीच शिवलेल्या होत्या. शेजारणीचाही हात गेला, अर्धवट, कोपरापर्यंत.

कोंबड्या गावाबाहेर नणंदेकडे गेल्या. मास्तर संध्याकाळी खुराड्यापाशी जात, दार उघडत, वाट बघत, दार लावत. शब्द नाही. फळीवर टकटकही नाही. काकू मशीनवर बसून खिडकीतून हे बघत आणि सुई भलतीकडेच जाई.

मग एके दिवशी दाराशी सेक्रेटरी उभे. बरोबर त्यांची बायको, आणि मागे अंग चोरून शेजारीण.

"काकू, राग नाही ना?" सेक्रेटरी म्हणाले. "सुनेला दिवस गेलेत. बाजारच्या अंड्यांना काही चव नाही हो. तुमच्या नणंदेकडून थोडी मागवता येतील का?"

इतका निर्लज्जपणा काकूंनी आयुष्यात पाहिला नव्हता. कात्रीसारखी जीभ चालवायला त्यांनी तोंड उघडलं. मागून मास्तर सावकाश आले. दारात दाटीवाटीनं उभ्या माणसांकडे त्यांनी नीट पाहिलं आणि पंजा आडवा धरला.

"जागा नाही," ते म्हणाले. थोडा दम घेतला. "मागच्या गाडीनं या."

आणि चौकटीवर दोनदा टकटक केली. काकूंनी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टोपली घेऊन नणंदेकडे गेल्या. परतताना मुद्दाम सेक्रेटरींच्या घरावरून आल्या. टोपलीतून आवाज ऐकून ते फाटकापर्यंत धावत आले. "काकू, अहो, परवानगी?"

काकू थांबल्या नाहीत. त्या संध्याकाळी सगळ्या रांगेला स्पष्ट ऐकू आलं, "दारात उभं राहू नका. पुढे सरका." कुणाची हरकत असेल, तर त्यानं ती मास्तरांसमोर उभं राहून सांगावी. अजून कुणी आलेलं नाही.